निम्मं पाठ

आम्ही चौघं, आणि पाचवा मासा.
मोइनाकच्या धक्क्यावरून शिडीनं उतरलो
समुद्राच्या तळावर.
पाणी गेलं त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली.

पुढे बीबायशा: मासे डबाबंद करायच्या कारखान्यात हयात गेलेली,
एका बाजूला कललेली, कारण हातात दोन कड्यांचा दुधाचा कॅन
आणि कॅनात शेवटचा मासा,
फक्त रात्री बोलणारा, आणि बोलला की कुरकुरणारा.
मग ओरिनबाय. विमानातून कापसावर औषध मारायचा,
नखांचा पिवळेपणा अजून गेलेला नाही.
मग कोकशे, मिठातून निपजलेला दैत्य,
दोन उंटांएवढा उंच, गुडघ्यांनी बेजार.
शेवटी मी, पाठीला कोबिझ बांधलेला,
उस्ताद वारले तेव्हा
ज्याचं महाकाव्य निम्मंच पाठ झालं होतं.

विळी आणि भोपळा निदान एका स्वयंपाकघरात तरी असतात.
आमचं तेवढंही नव्हतं.

बीबायशा ओरिनबायशी बोलायची नाही.
तिच्या तीन लेकी टेकडीवरच्या कबरस्तानात,
तिघींचं मिळून वय अकरा.
"त्याला सांग, वाऱ्याच्या बाजूनं चालू नको."
मी सांगायचो. तो तीन पावलांवर. ऐकलेलंच असायचं.
"तिला सांग, बरं."
असे नऊ दिवस.

शिंपले पायाखाली पापडासारखे मोडत होते.
कोकशे रडला की मीठच सांडायचं,
म्हणून त्याला रडू द्यायचो नाही,
मिठाला तोटा नव्हता.

दहाव्या दिवशी पांढरं वादळ उठलं.
दैत्य आडवा झाला, आम्ही त्याच्या कुशीत शिरलो.
ओरिनबाय मात्र उठून बाहेर गेला,
चिमूटभर धूळ जिभेवर ठेवली
आणि ओळखली, आपलीच सही ओळखावी तशी.
"ही माझी. इथं थांबलो तर उजाडायच्या आत मरू.
डावीकडे, पाचशे पावलांवर, जमीन स्वच्छ आहे.
तिथं वळताना मी नळ बंद करायचो."
बीबायशा माझ्याकडे बघत राहिली,
मी काही सांगावं म्हणून.
मी काय सांगणार.
डावीकडे गेलो.

समुद्राच्या दारात एक जहाज उभं होतं, गंजानं फुगलेलं.
त्यानं विचारलं: जकात?
सोनं नको, रक्त नको. पुरतं गाणं हवं.
मी सुरू केलं. घोडे, तटबंदी,
नवऱ्याचं चिलखत घालून निघालेली विधवा,
आणि जिथं उस्तादांचा श्वास थांबला होता
तिथं माझा गज थांबला.

जहाज गप्प. वारासुद्धा.

मग बीबायशानं तीन नावं घेतली.
चालीवर नाही, हजेरी घेतात तशी.
आणि ओरिनबाय, मान खाली घालून,
शेतांचे आकडे सांगायला लागला:
बारा नंबर, पूर्व. बारा नंबर, पश्चिम, दोनदा.
सतरा नंबर, कालव्यासकट.
सूर्य बुडेपर्यंत त्याचे आकडे संपले नाहीत.
मी गज लावून धरला, एकच सूर,
हाताला गोळे येईतो.
गाणं पुरतं झालं की नाही कोण जाणे.
दार उघडलं.

पाणी. पोटरीएवढं, राखाडी.
माशाला सोडलं. तो एक फेरी मारून आला
आणि सगळ्यांदेखत, उजेड असताना, पहिल्यांदा बोलला:
"फार खारट आहे. परत न्या.
पुढच्या वर्षी बघू."

कोकशे इतका हसला की गुडघे कडकडले.

परतीची वाट तेवढीच, बारा दिवसांची.
बीबायशानं कॅन उचलला, खाली ठेवला,
मनगट चोळलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"ओरिनबाय, दुसरी कडी धर."